घाटावरची भरली घागर

“या गल्लीत एक माणूस जास्तीचा आहे गं. बाळाला जप.”

नागसिरी आजीने हे सांगितलं तेव्हा सिरिमा उदूच्या अंगाला तेल चोळत होती. मान वर न करता तिने “हो आजी” म्हटलं आणि विषय तिथेच मिटवला.

मिटवण्यासारखाच होता. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दारावरून गाय गेली तरी ती विचारायची, “कोण, सून का?” रात्री भिंतीपलीकडे कोणीतरी खोकतं, असंही तिचं हल्ली चाललं होतं. आणि पाटलिपुत्रात असल्या बोलण्याला कोणी खतपाणी घालत नाही. कोणाच्या घरात किती माणसं, हे मोजायला राजाने गोप नेमला आहे. तो मोजतो, त्याचे हेर त्याच्या कानाशी लागतात, बाकीच्यांनी आपापली चूल सांभाळावी.

पुढे ज्येष्ठातल्या एका भर दुपारी आजीचं घर पेटलं आणि आजी आतच राहिली.

धुराचा वास जायच्या आधी गोपाने निकाल लावून टाकला. उन्हाळ्यात दुपारी घरात विस्तव ठेवायला बंदी, तरी सून चापा हिने निखारा ठेवला होता. त्याच दिवशी सकाळी तिने सासूला “एकदाची जळून जा” असं गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं होतं. मग आणखी काय हवं? चापाला चौकीत बसवलं. पौर्णिमा झाली की तिला न्यायाधीशांपुढे उभं करायचं. जाणूनबुजून घर पेटवणाऱ्याला आगीतच टाकतात, हे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

सिरिमा त्या रात्री झोपली नाही. हिवाळ्यात ती तापाने फणफणली होती तेव्हा उदूला चापाने दूध पाजलं होतं. चापाचं स्वतःचं मूल तेव्हा नुकतंच गेलं होतं. दूध होतं, मूल नव्हतं. एक अक्षर न बोलता ती येऊन बसायची, उदूला पदराखाली घ्यायची आणि भिंतीकडे बघत राहायची.

सकाळी सिरिमाने नवऱ्याकडून वेशीबाहेर जायची मुद्रा मागून घेतली, वेशीवर दाखवली आणि उदूला कडेवर घेऊन आंबराईत खेमाकडे गेली.

खेमा एके काळी राजवाड्याची माणूस. भगवं नेसून, भिक्षापात्र घेऊन घरोघर फिरायची आणि ऐकलेलं वर पोचवायची. आता गुडघे गेले होते. राजवाड्याने सोडली की तिने राजवाडा सोडला, हे ती कोणाला सांगत नसे. लोक हरवलेली गुरं, पळालेले गडी शोधून घ्यायला तिच्याकडे येत.

ती मातीच्या परातीत पाय बुडवून बसली होती. डोळे न उघडताच म्हणाली, “नवरा हरवला असेल तर परत जा. सापडला की बायका मलाच शिव्या देतात.”

“काही हरवलेलं नाही, आर्ये,” सिरिमा म्हणाली. “एकीला जाळणार आहेत.”

खेमाने डोळे उघडले. आधी बाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बस. आणि जे दिसलं ते सगळं सांग. महत्त्वाचं कोणतं ते तू ठरवू नकोस.”

सिरिमाने सगळं सांगितलं. मूल रांगायला लागल्यापासून तिला दिसायचंही फार. कुठे खिळा, कुठे विंचू, कुठलं कुत्रं पिसाळल्यासारखं चालतंय. गल्लीच्या त्या बाजूला तीनच घरं, भिंतीला भिंत लागून. एका टोकाला ती, मध्ये आजी, पलीकडे वासव रथकार आणि त्याची बायको इसिदासी. आजीच्या घरामागे गवताने शाकारलेली पडवी. उन्हाळ्यात गवत उतरवायचा हुकूम, पण शेळीला सावली नको का म्हणून आजीने गोपाला दोनदा परत पाठवलेलं. आग लागली तेव्हा चापा सूत द्यायला राजाच्या सूतशाळेत गेली होती.

वासवदादाचं सांगताना तिने उदूला जवळ ओढलं. आगीचा नगारा झाला, सगळी गल्ली धावली, पण दारावर टांगलेल्या चामड्याच्या पखाली उन्हाने वाळून लाकूड झालेल्या. पाणी भरावं तर शिवणीतून गळून जायचं. एकट्या वासवदादाच्या पखालीत पाणी ठरलं. त्याने पहिली पखाल सिरिमाच्या भिंतीवर ओतली. तो नसता तर उदूचा पाळणा उरला नसता. गोप त्याचं नाव बक्षिसासाठी वर पाठवणार होता.

खेमा ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, “आजी शेवटचं तुला काय म्हणाली होती?”

सिरिमाला तो जास्तीचा माणूस आठवला. तिने सांगितलं आणि घाईने पुढे जोडलं, “पण तिला दिसत कुठे होतं?”

“दिसत नव्हतं म्हणूनच विचारते. ज्याला दिसत नाही तो डोळ्यांनी मोजत नाही.” खेमाने परातीतून पाय काढले आणि कण्हतच उठली. “चल. माझी काठी दे. आणि ते पोर रडलं तर मी परत येईन, हे आधीच सांगून ठेवते.”

उदू वाटभर तिच्या काठीकडे बघत हसत होता.

गोप सिवक जळक्या घरापाशीच सापडला. खेमाला पाहून त्याचा चेहरा पडला. तो नवशिका होता तेव्हा तिने त्याला कामाला लावलं होतं.

“आर्ये, तुम्ही कशाला त्रास घेतलात? उघड गोष्ट आहे.”

“उघड गोष्टी बघायला मला आवडतात, सिवका. हल्ली झाकलेलं उचलवत नाही.”

सिवक कुरकुरला. पौर्णिमेनंतरच्या अमावास्येला शिरगणती. घराघरात शिरून माणसं मोजायची, त्याची दवंडी पिटून झालेली, आणि तेवढ्यात ही आग. त्याने त्यांना चुलीपाशी नेलं. राखेखाली निखारा होता, त्याने स्वतःच्या हाताने उकरून काढला होता.

खेमा चुलीकडे बघायच्या आधी शेजारच्या गोवऱ्यांच्या ढिगाकडे बघत राहिली. मग तिने काठीने वरच्या गोवऱ्या बाजूला केल्या. वरचा थर कोळसा झालेला. खालच्या गोवऱ्या, चुलीला टेकलेल्या, तशाच्या तशा. एकीवर चापाच्या बोटांचे ठसेही शाबूत.

“चुलीतून आग उठली आणि शेजारच्या गोवऱ्या सोडून छपराला गेली?”

सिवक म्हणाला, वारा होता.

“वारा होता खरा.” खेमा मागच्या बाजूला गेली. पडवीची जागा जमिनीपर्यंत राख झाली होती. खांबांची बुडखीसुद्धा उरली नव्हती. पुढच्या दाराचा उंबरा मात्र नुसता काळवंडला होता. “आग मागून आली, पडवीच्या गवतातून. वरून उतरली. आणि निखारा म्हणशील तर या गल्लीत कोणाच्या राखेखाली निखारा नाही, सिवका? तुझ्याकडे नाही?”

सिवक जमिनीकडे बघू लागला. सिरिमानेही मान खाली घातली. उदूची पेज दुपारी कोमट करायला तिच्याकडेही होता.

“मग पडवी चापानेच पेटवली असेल,” सिवक अखेर म्हणाला. “तिला बोलताना सगळ्यांनी ऐकलंय.”

“ऐकलेलं किती खरं असतं, हे तू मला नको शिकवूस. पण गवत उतरवलं नाही म्हणून तूही आजीवर चिडला होतास ना? सिरिमा सांगत होती, ‘एक दिवस पेटेल तेव्हा कळेल’ म्हणाला होतास.”

सिवकाच्या तोंडचं पाणी पळालं. तो चौकीत होता, दहा जण साक्षीला आहेत, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. खेमाने हात हलवून त्याला थांबवलं.

चौकीत चापा भिंतीला टेकून बसली होती. तिने पहिला प्रश्न केला तो उदू जेवला का, हा. सिरिमाने त्याला तिच्या मांडीवर ठेवलं.

सासूला तसं बोलल्याचं तिने नाकारलं नाही. “रोजच बोलायचे. त्याही मला रोज बोलायच्या. मग दोघी एकाच ताटात जेवायचो.” नवरा हत्तीदळात, दक्षिणेकडे, जिवंत आहे की नाही याचीही खबर नव्हती. सासू सोडली तर भांडायला तिला होतं कोण?

आजी दर दुपारी चैत्यावर जाऊन बसायची, मग त्या दिवशी घरी कशी, असं खेमाने विचारलं. निघता निघता तिचं डोकं गरगरायला लागलं, चापा म्हणाली. “पडते जरा” म्हणाल्या. चापाला सूत पोचवायचंच होतं, ती गेली.

“आजी घरात आहे हे कोणाला माहीत होतं?”

“कोणालाच नाही. वासवदादांनी सकाळी विचारलं होतं, आजी चैत्यावर जाणार ना. मी हो म्हटलं. हे गरगरणं त्यानंतरचं.”

“तो रोज विचारतो?”

चापाने जरा आठवून पाहिलं. “नाही. पण भला माणूस आहे. विचारलं असेल सहज.”

बाहेर आल्यावर खेमा पायरीवर बसून राहिली. सिरिमाला वाटलं गुडघे दुखत असतील. तिने विचारलं तर खेमा म्हणाली, “गुडघे नाहीत. मला आता घरी जावंसं वाटतंय, एवढंच.” पण ती घरी गेली नाही.

वासवाच्या अंगणात अर्धवट चाकं भिंतीला टेकवलेली होती. त्याच्या दोन्ही हातांना तूप लावून केळीची पानं बांधली होती. आजीची किंकाळी ऐकल्यावर पखाल टाकून तो आत घुसला होता. तिला बाहेर आणलं तेव्हा उशीर झाला होता. इसिदासीने सगळ्यांना सातूचं पाणी दिलं. सिरिमाने त्याच्या पाया पडायचा प्रयत्न केला तर तो मागे सरकला.

त्याने थोडक्यात सांगितलं. घर रिकामं आहे असंच वाटलं, म्हणून आधी बाळाची भिंत भिजवली. आपली भिंत इसिदासीने घागरींनी भिजवली. चापाबद्दल विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, तिने केलं नसेल.

“मग कोणी?”

“मला काय माहीत, आर्ये. अपघात असेल.”

खेमाचं लक्ष दाराशी गेलं. आगीसाठी प्रत्येक दारात ठेवाव्या लागतात तशा भरलेल्या घागरींची रांग, प्रत्येकीवर चाकाची खूण. मधल्या एका जागी मातीत नुसता गोल वळ.

“एक कमी आहे. सिवक दंड करेल हो.”

“गर्दीत फुटली असेल,” इसिदासी पटकन म्हणाली. “त्या दिवशी कोणी कोणाची घागर उचलली याला ठिकाण होतं का?”

सिरिमा काही बोलणार होती, पण खेमाने काठी तिच्या पायावर टेकवली. गल्लीच्या वळणावर आल्यावर विचारलं, “काय म्हणणार होतीस?”

“फुटली नाही ती. उदू रांगतो ना. आगीनंतर गल्लीतली खापरी न् खापरी मी वेचली. शेजाऱ्यांची कमळाची होती, मोराची होती. चाकाची एकही नव्हती. पण आर्ये, एका घागरीने काय होतं?”

“काही नाही. मला नदीवेशीपर्यंत ने.”

नदीवेशीवरच्या शिपायाला खेमाने आगीच्या दिवशी कोण कोण बाहेर गेलं ते विचारलं. तो हसायलाच लागला. आगीचा नगारा झाला की वेस सताड उघडायची, पाणी न्यायला. मुद्रा कोण विचारतो? “घागरी मोजू की माणसं मोजू, आजीबाई? सगळी वस्तीच धावत होती.”

“आत येताना मोजलीस?”

“येतानाही नाही.”

घाटाच्या वरच्या अंगाला, वाट नावेकडे वळते तिथे, पिंपळाच्या सावलीत ती घागर उभी होती. गळ्यापर्यंत भरलेली, पाण्यावर पिंपळाची पानं. आगीची घागर उचलणाऱ्याला फटके बसतात, म्हणून कोणी हात लावला नव्हता. पोटावर चाकाची खूण.

सिरिमाला बरं वाटलं. “मिळाली बाई. इसिवहिनीचा दंड वाचला.”

खेमा तिच्याकडे पाहत राहिली. “पोरी, गल्ली जळतेय. माणूस धावत येतो, घागर भरतो आणि भरलेली घागर इथे सावलीत, हळूच, न सांडता ठेवून जातो. त्याला पाणी हवं होतं का?”

“नाही.”

“मग काय हवं होतं?”

खेमाने उत्तर तिच्यावरच सोडलं. तिने घागर रिकामी करून सिरिमाच्या दुसऱ्या कडेवर दिली आणि म्हणाली, घरी जाऊन तुझी पखाल पाण्यात टाक. पाणी कधी ठरतं ते मला सांग.

सिरिमाने ते केलं. पखाल टाकली तेव्हा ती पाटीसारखी वाजत होती. सारखी काढून बघितली, सारखी गळत होती. दिवस मावळला तरी शिवणीतून थेंब येतच होते. दुसऱ्या सकाळी तिने भरून टांगली तेव्हा कुठे एकही थेंब पडला नाही.

टांगलेल्या पखालीकडे बघत ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग उदूला कडेवर घेऊन तिने आंबराईची वाट धरली.

आंबराईत खेमा तयारच बसली होती. “ठरलं ना पाणी?”

“रात्रभरानंतर,” सिरिमा म्हणाली. “आर्ये, आपण हे इथेच सोडलं तर?”

“चापाचं काय करशील मग?”

सिरिमाने तिची काठी आणून दिली.

दुपार कलली तेव्हा दोघी वासवाच्या अंगणात गेल्या. इसिदासी तांदूळ पाखडत होती. सिरिमाने घागर तिच्या जागी, त्या गोल वळावर ठेवली. सूप थांबलं.

खेमा एका चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्यावर बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता. कोणाला सासरच्या वाटेवरचे थांबे सांगावेत तसा होता.

“वासवा, तुझी पखाल नगारा होताच भरली आणि गळली नाही. गल्लीतल्या बाकी सगळ्यांच्या गळल्या. या उन्हात रात्रभर भिजवल्याशिवाय चामडं पाणी धरत नाही. म्हणजे आदल्या संध्याकाळीच तू ती भिजत घातलीस. दुसऱ्या दिवशी आग लागणार हे या शहरात एकाच माणसाला माहीत असू शकतं.”

वासवाने हात मांडीवर ठेवले.

“पण घर जाळायचं असतं तर पखाल कशाला भिजवायची? तुला घर जाळायचं नव्हतं. पडवीचं गवत भरभर जळेल, धूर होईल, नगारा होईल आणि तू लगेच विझवशील, एवढंच तुझं ठरलं होतं. म्हणून सकाळी आजी जाणार ना, हे विचारून घेतलंस. म्हणून पहिली पखाल पेटलेल्या घरावर न ओतता बाळाच्या भिंतीवर ओतलीस. आत कोणी नाही, अशी तुझी खात्री होती.”

“वारा फिरला,” वासव म्हणाला.

“हो. आता तुला नगाराच कशाला हवा होता, ते बघू. आजीने सिरिमाला सांगितलं, गल्लीत एक माणूस जास्तीचा आहे. रात्री भिंतीपलीकडे खोकतो. कोणालाही वाटेल, तूच खोकत असशील. पण तू काल माझ्याशी बोललास, एकदाही खोकला नाहीस. घरात दोघंच राहणाऱ्यांकडे तिसरा कोण? आणि अमावास्येला सिवक घरात शिरून माणसं मोजणार.”

सिरिमाला तेव्हा कावळे आठवले. आगीच्या आधीच्या सकाळी इसिदासीच्या उकिरड्यावरून तिने कावळे हाकलले होते, उदूच्या हातातला घास पळवतात म्हणून. खाली उष्ट्या पत्रावळी दोन नव्हत्या, तीन होत्या. तिने थट्टेने विचारलंही होतं, पाहुणे आलेत का वहिनी. इसिदासी म्हणाली होती, हल्ली यांची भूक वाढलीय. आंबराईत पहिल्या दिवशी सगळं सांगताना हेही तिने खेमाला सांगितलं होतं, आणि स्वतः विसरून गेली होती.

“ज्याच्याकडे मुद्रा नाही तो या शहरातून बाहेर पडू शकत नाही,” खेमा म्हणाली. “फक्त आग लागली की वेस उघडते आणि हातात घागर असलेल्याला कोणी काही विचारत नाही. त्याने घागर घेतली, गर्दीतून गेला, घाटावर लोक होते म्हणून भरली, आणि नावेच्या वाटेला ठेवून दिली. फेकली असती तर फुटली असती आणि मी आज इथे आले नसते. पण तो तुझ्या घरचा माणूस. घरची घागर त्याच्याने फेकवली नाही.”

इसिदासीने सूप खाली ठेवलं. मग इसिदासीच म्हणाली, “यांचा भाऊ. नंदिय.”

वासवाने बाकीचं सांगितलं. नंदियला राजाच्या खाणीत धाडलं होतं, कुठल्याशा क्षुल्लक चोरीपायी. तिथून तो पळाला तो छातीत धूळ भरूनच. जगणार नव्हता. त्याला नदीपार आईच्या गावी जाऊन मरायचं होतं. “इथे मेला असता तर प्रेत कोणाचं म्हणून सांगितलं असतं, आर्ये? मरायलाही नोंद लागते.”

“आणि चापा?”

“तो नदीपार पोचेस्तोवर गप्प बसायचं, असं ठरवलं होतं.” तो पानं बांधलेल्या हातांकडे बघत होता. “मग तो पोचला असेल, तरी गप्प बसलो. रोज सकाळी वाटायचं, उद्या जाऊ. पौर्णिमेच्या आत जाऊच.”

खेमाने मान हलवली. तिने असे किती ‘उद्या’ ऐकले असतील, असं सिरिमाला वाटलं. “तुझा भाऊ कुठल्या गावी गेला, ते मी विचारलेलं नाही आणि ऐकलेलंही नाही. कान आता अधू झालेत माझे. पण सिवकाला मी बोलावू, की तू जातोस?”

वासव उठला. इसिदासीने आतून उपरणं आणून त्याच्या खांद्यावर घातलं, कारण त्याला ते घेता येत नव्हतं. तिने ते दोनदा सारखं केलं. तो गल्लीतून चौकीकडे निघाला तेव्हा लोकांनी त्याला हात जोडले. बक्षीस घ्यायला चाललाय, असं त्यांना वाटलं.

तो वळणाआड गेल्यावर इसिदासीने सूप उचललं. सिरिमाकडे न बघता ती म्हणाली, “पहिली पखाल त्यांनी तुझ्या भिंतीवर ओतली होती.”

उदूने घागरीकडे हात केला, सिरिमाने तो धरून ठेवला.

संध्याकाळी चापा सुटली. ती सरळ सिरिमाकडे आली आणि उदूला घेऊन बसली. राहायला तिला दुसरी जागा नव्हतीच. ती आता तिथेच सूत कातते. खेमाला सिरिमाने वेशीपर्यंत सोडलं. “तुम्ही नसता तर चापा गेली असती,” असं ती म्हणाली. “हं,” खेमा म्हणाली. “एक वाचली.” आणि काठी टेकत, मागे न बघता निघून गेली. पौर्णिमेनंतर वासव परत आला नाही. त्याबद्दल गल्लीत कोणी मोठ्याने बोलत नाही.

शिरगणतीला सिवक आला, इसिदासीच्या दाराबाहेरूनच त्याने एक बोट वर केलं आणि पुढे गेला.

बंदीमुळे उन्हाळ्यात स्वयंपाक अंगणात करावा लागतो, त्यामुळे कोणी शिजवलं, कोणी नाही, हे साऱ्या गल्लीला दिसतं. इसिदासीच्या अंगणात कालपासून धूर नाही. चापा दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आली; सासू जिथे गेली त्या राखेवरून जावं लागतं. सिरिमाने आज सकाळी पेज नेली. हाक मारली, कडी वाजवली. आत काहीतरी हललं, पण तिचा आवाज ओळखल्यावर ते हलणंही थांबलं. पेजेवर साय धरली, मग ती परत आली.

तुम्ही नदीवेशीच्या वाटेने जाणार असाल, तर रथकाराचं घर सापडायला अवघड नाही. अर्धवट चाकं अजून भिंतीला टेकलेली आहेत. तुमचा आवाज तिच्या ओळखीचा नाही, तुम्हाला ती दार उघडेल. सिरिमाने पाठवलं म्हणून सांगू नका. प्यायला पाणी मागा, आणि ती बाहेर आलीच तर जेवलीस का, एवढं विचारून घ्या.